हाडजोडीचा वेल, कावाची गोळी आणि मोडलेलं हाड : झाडपाल्यानं हाड लवकर सांधतं का?



आमची शाळा अंबडला आहे. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं अंबड नव्हे, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीचं अंबड. इथले बहुतेक पालक कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. एखाद्या मुलाचा हात प्लॅस्टरमध्ये गेला किंवा घरातल्या कुणाचा पाय मशिनवर, मोटारसायकलवरून पडून मोडला, की शाळेच्या फाटकापाशी एकच चर्चा सुरू होते. "सर, गावाकडून हाडजोडीचा वेल आणलाय, देऊ का?" "लाक्षादी गुग्गुळ चालेल का?" अलीकडे त्यात आणखी भर पडली आहे. "मोबाईलवर बघितलं, कावा नावाची कॅप्सूल घेतली की झोप चांगली लागते आणि हाडही भरतं म्हणे!"

मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षक आहे. पण 'आपले शरीर' हा पाठ शिकवताना हाच प्रश्न मुलंही विचारतात. म्हणून जे खात्रीनं सांगता येईल तेवढंच इथे सोप्या भाषेत मांडतो. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. त्यांना काय विचारायचं आणि त्यांच्यापासून काय लपवायचं नाही, एवढं तरी या लेखातून कळावं.

आधी समजून घेऊ : हाड सांधतं कसं?

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण हाड म्हणजे खडू किंवा दगड नव्हे. ते जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात. म्हणून तर मोडलेलं हाड स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं. ही दुरुस्ती चार टप्प्यांत होते.

१. रक्ताची गाठ : हाड मोडलं की आतल्या रक्तवाहिन्या फुटतात आणि मोडलेल्या जागी रक्त साकळतं. सूज येते, ठणका लागतो. ही सूज दुरुस्तीचीच सुरुवात असते. पहिले काही दिवस हेच चालतं.

२. मऊ सांधा : पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांच्या मध्ये कूर्चेसारखा मऊ पूल तयार होतो. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. हा पूल कच्चा असतो, हलवला की तुटतो.

३. कठीण सांधा : त्या मऊ पुलात कॅल्शियमचे क्षार बसतात आणि तो कडक होतो. एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागी फुगवटा दिसतो तो हाच.

४. घडण : फुगवटा हळूहळू झिजून हाडाला मूळचा आकार येतो. याला काही महिने, कधी काही वर्षंही लागतात.

लहान मुलाचं मनगटाजवळचं हाड साधारण ३ ते ६ आठवड्यांत धरतं. मोठ्या माणसाच्या मनगटाला सुमारे ६ आठवडे, तर नडगीच्या हाडाला ३-४ महिने किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हाड सांधण्याचं काम शरीर करतं. प्लॅस्टर हाड सांधत नाही, ते हाडाची टोकं सरळ आणि स्थिर धरून ठेवतं. दोन, टोकं वाकडी राहिली तरी शरीर सांधायचं थांबत नाही, ते वाकडंच सांधतं. म्हणून कोणतंही औषध देण्याआधी पहिला प्रश्न हाच, की हाड जागेवर आहे का? त्याचं उत्तर एक्स-रे देतो, वेल देत नाही.

हाडजोडीचा वेल : दावा काय, पुरावा काय?

कांडवेल, हाडसांधी, हाडजोड अशा नावांनी हा वेल आपल्याकडे ओळखला जातो. संस्कृतमध्ये त्याला अस्थिसंहार किंवा अस्थिशृंखला म्हणतात. द्राक्षाच्याच कुळातला हा वेल. नाशिककरांना हे नातं ऐकून गंमत वाटेल. खोड चौधारी असतं आणि जागोजागी सांधे असतात, जणू हाडाचे तुकडे एकापुढे एक जोडलेत. 'हाडासारखा दिसतो म्हणून हाड जोडतो' असा समज यातूनच झाला असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो खाऊन कुणी हुशार होत नाही. दिसणं हा पुरावा नसतो.

मग पुरावा आहे का? थोडा आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. काशी हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या वेलावर प्रयोग केले. हाड मोडलेल्या प्राण्यांना वेलाचा अर्क दिल्यावर त्यांच्या हाडाचा सांधा लवकर धरला आणि लवकर मजबूत झाला, असं त्यांना दिसलं. त्यानंतर माणसांवरही काही अभ्यास झाले, विशेषतः जबड्याचं हाड मोडलेल्या रुग्णांवर. त्यातले निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. पण हे अभ्यास छोटे आहेत, थोड्या रुग्णांवरचे आहेत. मांडीचं, नडगीचं, लहान मुलाच्या कोपराचं हाड या वेलानं लवकर जुळतं, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या सगळ्या अभ्यासांत रुग्णाचं हाड आधी नीट बसवलेलं होतं. वेल दिला गेला तो जोडीला. 'प्लॅस्टर काढा आणि वेल लावा' असं कोणत्याही अभ्यासानं म्हटलेलं नाही.

वेल कच्चा खाल्ला तर घसा आणि तोंड खाजतं, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. आपल्या अळूच्या पानात असतात तसेच. तमिळनाडूत याची चटणी करतात तेव्हा कोवळी कांडी तेलात नीट परतून, चिंच घालून करतात. म्हणजे वर्षानुवर्षं हा वेल खाणाऱ्यांनाही तो कसा खायचा हे शिकावं लागलं. मुलाला कच्चा रस पाजणं शहाणपणाचं नाही. शिवाय 'हाडजोडी' या एकाच नावानं वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती दिल्या जातात. बाजारातून आणलेली वाळकी काडी नक्की कशाची आहे, हे आपल्याला ओळखता येईलच असं नाही.

सुश्रुतांनी नेमकं काय सांगितलं?

"आयुर्वेदात सांगितलंय" असं म्हणून पुष्कळ गोष्टी आपल्या गळी उतरवल्या जातात. मग आयुर्वेदात खरंच काय सांगितलंय ते पाहू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचारांचा आहे. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. हाड ओढून, दाबून जागेवर आणायचं. मग वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या लावून ते बांधायचं. ही त्या काळची खपची, म्हणजे आजच्या प्लॅस्टरची आजीच!

बांधण्याबद्दल तर फार बारकाईनं लिहिलं आहे. सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पू होतो, असा स्पष्ट इशारा आहे. थंडीत ७ दिवसांनी, मधल्या ऋतूत ५ दिवसांनी आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी बांधणी बदलायला सांगितली आहे. कोवळ्या वयात महिनाभरात सांधा पक्का होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असंही म्हटलं आहे. वर दिलेल्या आजच्या आकड्यांशी ते किती जुळतं बघा.

लाक्षादी गुग्गुळ हे नंतरच्या ग्रंथांतलं औषध. त्यात लाख, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ असतात. ते वैद्य आजही देतात. पण कोणताही शिकलेला वैद्य हाड न बसवता नुसता गुग्गुळ देऊन रुग्णाला घरी पाठवणार नाही. आधी हाड जागेवर, मग नीट बांधणी, मग आहार आणि औषध. जुन्या ग्रंथाचा आणि आजच्या अस्थिरोगतज्ज्ञांचा क्रम एकच आहे. गडबड होते ती आपण हा क्रम उलटा करतो तेव्हा.

ग्रंथातली प्रत्येक गोष्ट आज तशीच पाळावी असंही नाही. त्यात मोडलेल्या हाडाला आंबट वर्ज्य सांगितलं आहे, आणि आपल्याकडे घरोघरी लिंबू-चिंच बंद करतात. पण मऊ सांध्यासाठी लागणारं कोलॅजेन बनवायला क जीवनसत्त्व लागतं, हे आता आपल्याला माहीत आहे. आवळा, पेरू, लिंबू बंद करण्याचं कारण नाही.

कावा म्हणजे काय?

आता त्या कॅप्सूलकडे वळू. कावा ही प्रशांत महासागरातल्या फिजी, वानुआटू, टोंगा अशा बेटांवरची वनस्पती. आपली मिरी आणि विड्याचं पान ज्या गणातलं, त्याच गणातली. तिथले लोक तिचं मूळ कुटून, पाण्यात कालवून, गाळून पितात. पाहुणा आला, लग्न ठरलं, भांडण मिटलं की कावाचा पेला फिरतो. १८७९ पासून भारतातून फिजीला गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांमध्येही हे पेय रुळलं आहे.

कावानं मन शांत होतं, अंग सैल पडतं, झोप येते. म्हणून बाहेरच्या देशांत ती चिंता आणि झोपेसाठी कॅप्सूलमध्ये विकू लागले आणि तिथूनच ती मोबाईलवरच्या जाहिरातींत आली. पण हाडाचं काय? कावानं मोडलेलं हाड लवकर सांधतं असं दाखवणारा, माणसांवर केलेला भक्कम पुरावा नाही. उशिरा सांधतं असाही नाही. हाडाशी तिचा थेट संबंध जोडणं म्हणजे निव्वळ जाहिरात.

मात्र हाड मोडलेल्या माणसाला कावाचे तीन वेगळे धोके आहेत.

- यकृत : कावा घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २००२ मध्ये लोकांना सावध केलं आणि जर्मनीनं त्याच वर्षी कावाच्या औषधांची परवानगी काढून घेतली. जर्मनीतला तो निर्णय २०१४ मध्ये न्यायालयानं रद्द केला, म्हणजे तज्ज्ञांमध्ये वाद आहे. पण हाड मोडल्यावर आपण पॅरासिटामॉल घेतो आणि तेही यकृतातूनच जातं. एकाच वेळी यकृतावर दोन ओझी कशाला?

- गुंगी : दुखणं कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी आधीच गुंगी येते. त्यात कावाची भर पडली तर तोल जातो. कुबड्यांवर चालणारा माणूस रात्री बाथरूमला जाताना पडला, तर जुळत आलेलं हाड पुन्हा मोडू शकतं.

- भूल : ऑपरेशन करून प्लेट किंवा सळई बसवायची असेल तर भूल द्यावी लागते. कावामुळे भुलीच्या औषधाचा परिणाम वाढू शकतो. म्हणून असं काही घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं. लसणाच्या कॅप्सूल, जिन्कगो यांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो, तेही सांगायला हवं. अशा गोष्टी ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बंद करा, असा सल्ला सर्वसाधारणपणे देतात. अपघातात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून सांगणं आणखीच गरजेचं.

"झाडपाला आहे, अपाय काय होणार?"

हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. त्याला उत्तर म्हणून आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला होता. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये त्याबद्दल शोधनिबंध लिहिला. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवला तरी पालकांसाठी दोन्हीकडून धडा एकच आहे. एक तर वनस्पतीनं अपाय होऊ शकतो, किंवा आपण नक्की काय घेतोय हेच आपल्याला ठाऊक नसतं.

दुसरा धोका भेसळीचा. २००८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाची गोष्ट हाडाशी थेट जोडलेली आहे, कारण शरीरात गेलेलं शिसं बहुतांश हाडातच साठतं. हाड भरायला घेतलेली पुडी हाडातच विष भरणार असेल तर काय उपयोग?

तिसरा धोका लपवलेल्या औषधाचा. 'आर्ट्री किंग' नावाचं सांधेदुखीवरचं पूरक बाहेरच्या देशांत वनौषधी म्हणून खपत होतं. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक लेबलवर न लिहिता घातलेलं आहे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिला. स्टेरॉइडनं दुखणं जादूसारखं थांबतं, पण ते जास्त दिवस पोटात गेलं तर हाडं ठिसूळ होतात. म्हणून 'एका पुडीत ठणका गायब' असं कुणी म्हटलं की आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

मुलांचं हाड : इथे उशीर परवडत नाही

मुलांची हाडं लवचिक असतात. ओल्या फांदीसारखी ती कधी कधी एका बाजूनं मोडतात आणि दुसऱ्या बाजूनं नुसती वाकतात. मुलाला हात थोडाफार हलवता येतो, म्हणून घरचे म्हणतात, "मुरगळलाय, तेल लावून चोळून घेऊ." मोडलेलं हाड चोळलं तर आतली इजा वाढते.

५ ते ७ वर्षांच्या मुलांमध्ये पडल्यावर कोपराच्या वरचं हाड मोडणं खूप आढळतं. तिथून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात. अशा वेळी घट्ट पट्टी किंवा बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या, तर आतली सूज वाढून रक्तपुरवठा बंद पडतो. स्नायूंना साधारण ६ तासांत कायमची इजा होऊ लागते. हात कायमचा आखडतो, कधी कापावाही लागतो. दोष केवळ हाडवैद्यांना देऊ नका. दवाखान्यात घातलेलं प्लॅस्टरही सूज वाढल्यावर घट्ट होऊ शकतं. म्हणून पट्टी कुणीही बांधलेली असो, पुढची लक्षणं दिसली की सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

- बोटं निळी, काळपट किंवा पांढरी पडली
- बोटं गार लागतात
- मुंग्या येतात किंवा स्पर्श कळत नाही
- बोटं हलवता येत नाहीत
- गोळी देऊनही दुखणं वाढतच चाललंय, बोट सरळ केलं की मूल ओरडतं

ही यादी शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. मूल शाळेत पडलं तर हात जसा आहे तसाच ठेवून पुठ्ठ्याचा किंवा फूटपट्टीचा आधार द्या, ओढणीची झोळी करा आणि पालकांना बोलवा. सरळ करायला जाऊ नका.

मग हाड भरायला खरंच काय मदत करतं?

- प्रथिनं : डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे. हाडाचा सांगाडाच प्रथिनांचा असतो.
- कॅल्शियम : ७ ते ९ वर्षांच्या मुलाला रोज ६५० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला १००० मिलिग्रॅम, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० आणि १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळही उत्तम. गरजेपेक्षा जास्त गोळ्या घेतल्यानं हाड जास्त वेगानं सांधत नाही.
- ड जीवनसत्त्व : अंगावर ऊन घ्या. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर करून घ्या.
- बिडी-सिगारेट बंद : निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि सांध्याला रक्त कमी पोचतं. धूम्रपान करणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. तंबाखू आणि मिसरीतही निकोटीनच असतं. कारखान्यातल्या आपल्या पालक बंधूंना हात जोडून सांगतो, हाडजोडीचा वेल शोधायला जाण्याआधी खिशातली पुडी फेका.
- मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. कडुनिंबाची एक ओली आणि एक वाळकी काडी वाकवून बघा. मुलांचं आणि आजीचं हाड कसं मोडतं, ते न सांगता समजतं.
२. मोडलेल्या खडूचे दोन तुकडे एका जोडीत सरळ आणि दुसऱ्या जोडीत वाकडे ठेवून चिकटवा. डिंक तोच, पण आकार वेगळा. 'औषध चांगलं असून उपयोग का झाला नाही?' यावर चर्चा घ्या.
३. घरातल्या एखाद्या टॉनिकच्या डब्यावरचं लेबल वहीत उतरवून आणायला सांगा. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापलेली असते. ती शोधायला लावा. मुलं घरी जाऊन ती आईबाबांना नक्की वाचून दाखवतील.

शेवटी पालकांसाठी

आजीनं प्रेमानं आणलेल्या वेलाला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. हाड बसवून झालं असेल आणि वैद्यांचा सल्ला घेऊन काही द्यायचं असेल, तर ते अस्थिरोगतज्ज्ञांनाही सांगा. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवू नका. त्यांनी रागवावं, पण त्यांना माहीत असावं. दवाखान्यात जाताना एका कागदावर घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं, कॅप्सूल लिहून न्या. डबा असेल तर तोच पिशवीत टाका.

खर्चाची काळजी असेल तर नाशिकचं जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. ज्यांचा पगारातून विमा कापला जातो त्यांच्यासाठी सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आहे. हाताशी कार्ड असून केवळ माहिती नाही म्हणून एक्स-रे राहून जाऊ नये.

पुढच्या पालकसभेत पाच मिनिटं काढून बोटांच्या लक्षणांची ती यादी तरी नक्की वाचून दाखवा. एका मुलाचा हात वाचला तरी पुष्कळ झालं.